वीस वॅटचा आवाज

नकला करणाऱ्या माणसानं लिहायला घेतलं की लोक आधीच ओठ सैल करून बसतात. बसा. आठवणी म्हटल्यावर एखादं चिंचेचं झाड येईल, शाळेची घंटा येईल, गोधडीचा वास येईल, असंही तुम्ही धरून चालला असाल. त्यातलं काही येणार नाही. बडनेरा स्टेशनवरचा चहावाला, परतवाड्याच्या मोटारीचा कंडक्टर, आमचे हेडमास्तर आणि हेडमास्तरांची बकरी हे सगळे माझ्या गळ्यात बिनभाड्यानं राहतात, पण आज त्यांना सुट्टी दिली आहे. आज एका लाकडी पेटीचं सांगायचं आहे. पेटी मुकी आहे, त्यामुळं तिची नक्कल करायला तसा काही त्रास नाही. गप्प बसलं की झालं. मला तेवढंच जमत नाही.

गेल्या आठवड्यात अकोल्याला माझ्या खोलीवर कार्ड आलं. वर कमलवहिनींच्या, म्हणजे आमच्या सुखदेवभाऊंच्या बायकोच्या, थोरल्याचं वळणदार अक्षर, आत दोनच ओळी. यांची मशीन पडून आहे, घेऊन जा. घरात जागा अडते.

मशीन म्हणजे अँप्लिफायर. आमच्या वऱ्हाडात मांडववाल्यापासून मास्तरापर्यंत सगळे त्याला मशीनच म्हणतात. रविवारी पॅसेंजरनं अमरावतीला गेलो. सात वर्षांनी त्या गल्लीत शिरलो, तर घर ओळखू येईना. घर तेच होतं, पण दाराच्या वर एक तार आली होती आणि आत दिवसाढवळ्या बल्ब लागलेला होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती तिथंच होती. तिच्या शेजारी आता सुखदेवभाऊंचा फोटो होता.

"या भाऊजी, बसा," वहिनी म्हणाल्या.

पूर्वी त्या मला नकल्या म्हणायच्या. 'ए नकल्या, पाय धुऊन ये'. भाऊजी ऐकल्यावर मी बुटासकट उंबऱ्यावरच थांबलो.

पेटी कोपऱ्यात होती. वर शिवणाचं गाठोडं ठेवलेलं. वहिनींनी गाठोडं उचललं आणि आत चहा ठेवायला गेल्या. मी झाकण उघडलं आणि नाक आत घातलं. डागकामाच्या जुन्या राळेचा वास, धुळीचा वास, आणि अगदी तळाशी, असेल नसेल असा, संत्र्याच्या सालीचा.

तो वास सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

सुखदेवभाऊंचं अमरावतीत मोटार स्टँडाजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचा खोका. मी एकोणीस वर्षांचा, मॅट्रिक होऊन नोकरीची वाट पाहणारा, म्हणजे घरच्यांच्या भाषेत उकिरडे फुंकणारा. आमचा सहा जणांचा मेळा होता. दोन गाण्यांच्या मधे मी नकला करायचो, आणि भाऊ हवायन गिटार वाजवायचे. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातात पोलादाची कांडी धरून. ती कांडी तारेवरून सरकली की सूर पायऱ्या न चढता घसरगुंडीवरून यावा तसा यायचा.

पण हे सगळं मशीनमधून. नुसती गिटार वाजवली तर आवाज म्हणजे चिमणी पत्र्यावर चालतेय. मशीन भाऊंनी स्वतः बांधली होती. पेटी वरूडहून आलेल्या संत्र्याच्या खोक्यांच्या फळ्यांची. आत काचेचे व्हॉल्व, औषधाच्या बाटलीएवढे, पोटात तारा आणि पत्रे असलेले. त्यातले शेवटचे दोन मोठे, आवाजाला जोर देणारे. ते भाऊंनी लष्कराच्या भंगारातून उचलले होते. ढिगातले सगळे तपासून, दोघांचा दम बरोबर सारखा आहे हे पाहून, मग. तसे व्हॉल्व नंतर मिळेनासे झाले.

खटका दाबला की लगेच काही होत नसे. हेच मला फार आवडायचं. आधी आत एक नारिंगी रेघ उगवायची. मग धूळ जळल्याचा वास. मग फळ्या कोमट व्हायच्या आणि त्यातून संत्र्याची साल आगीवर धरल्यासारखा वास निघायचा. मग भोंग्यातून एक बारीक हुंकार, कोणीतरी झोपेतून कूस बदलल्यासारखा. तेव्हा भाऊ म्हणायचे, "उठले बाप्पा. आता बोला यांच्याशी."

मी एकदा विचारलं, "भाऊ, आपली मशीन किती वॅटची?"

"वीस."

"फक्त वीस? त्या मांडववाल्याची तं ऐंशीची आहे."

"त्याची ऐंशीची हाये तं तो ऐंशी वॅट ओरडते," भाऊ डागकाम थांबवून म्हणाले. "हे पाय. बारा वॅटपर्यंत हे दोघं सरळ मानसावानी बोलतात. पंधराले आवाज जाड होते. आन वीसच्या जवळ आले का त्याईचा गळा भरून येते. फुटत नाई, भरून येते. आपली गिटार तेवढ्या शेवटच्या पाच वॅटात हाये. बाकीचे पंधरा नुसते तिथवर जाचा रस्ता."

मी लगेच हात तोंडावर धरून, नाकातून, ते भरून आलेलं वाजवून दाखवलं. हा माझा खास आयटम होता. लोक टाळ्या द्यायचे. पण नकल्याची खोड, शेवटी मी त्याला हेडमास्तरांच्या बकरीची शेपटी जोडायचो. सूर विरत विरत जायचा आणि एकदम, म्याऽ.

लोक हसून पडायचे. भाऊसुद्धा हसायचे, पण मान हलवायचे. "बरोबर काढतं तू. भलता बरोबर काढतं. फक्त तो सूर मरून राहिला तं त्याले सुखानं मरू दे ना बाबा. कायले बकरी आनतं?"

हिवाळ्यात कापसाच्या जिनिंग सुरू असायच्या तेव्हा कापसाचे तंतू हवेत तरंगायचे, आणि ते व्हॉल्ववर बसून भुर्रकन जळायचे. भाऊ लहान ब्रशनं काच पुसायचे, बाळाचं तोंड पुसावं तशी. गावोगाव जाताना दोन मोठे व्हॉल्व काढून वेगळे घ्यायचे. ते वहिनींनी विणलेल्या लोकरीच्या टोपड्यात जायचे. टोपडं धाकट्याचं. त्याचं डोकं मोठं झालं, टोपडं व्हॉल्वना मिळालं. मोटारीत ते माझ्या मांडीवर असायचं. मोझरीच्या रस्त्यावर गचके बसायचे आणि मी दोन्ही हातांनी टोपडं धरून बसायचो. शेजारची म्हातारी विचारायची, "लेकरू किती महिन्याचं हाये रे?" मी म्हणायचो, "जुळे हायेत मावशी, वीस वॅटचे." भाऊ खिडकीतून बाहेर बघत हसायचे. त्यांचे खांदे हलायचे तेवढे दिसायचे.

अंधार पडायच्या वेळेला वाजवत असले की मी प्रेक्षकांकडं पाहायचो नाही, मशीनच्या मागून जाळीतून आत पाहायचो. त्या दोन व्हॉल्वच्या काचेवर आतून एक निळं तेज चढायचं. सूर ताणला की ते थरथरायचं, सूर उतरला की विझत जायचं. गाणं डोळ्यांनी दिसतं हे मी कोणाला सांगितलं नाही. नकल्याचं कोण खरं मानतं.

आणि हे सगळं जिनं पाहायला पाहिजे होतं, तिनं कधी पाहिलं नव्हतं. कमलवहिनींच्या घरात वीज नव्हती. भाऊ रात्रीचं जेवण झाल्यावर कंदिलाजवळ बसून गिटार वाजवायचे, नुसती, मशीनशिवाय. दुकानात बायकांनी येऊन बसायची रीत नव्हती, आणि मेळा कायम बाहेरगावी. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि वहिनींनी नवऱ्याच्या गिटारीचा आवाज म्हणजे ती पत्र्यावरची चिमणीच ऐकली होती.

त्या एकदा मला पोळी वाढताना म्हणाल्या, "ए नकल्या, लोक काहून एवढे वेडे होतात रे त्या गिटारीपायी? मले तं सुई पडल्यावानी आयकू येते."

मी नाकातून वाजवून दाखवलं. बकरीसकट. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "चाल, हट. खरंखुरं आयकीन मी कधीतरी."

ते कधीतरी ठरलं. बुद्धजयंतीला अकोल्यात कार्यक्रम होता, वहिनींच्या माहेरच्या वस्तीत. त्यांच्या भावानंच ठरवलेला. दिवस बुडता बुडता सुरू होणार होता. जिनिंगच्या आवारातून वीज ओढून घेतली होती. भाऊंनी महिनाभर आधीपासून एकच धून घासली. वहिनी माहेरी असताना गुणगुणायच्या ती, जात्यावरची, साधीच. मला म्हणाले, "तिले सांगू नको. मशीनवर आयकू दे तिले पयल्यांदा." दर संध्याकाळी खोक्यातून ती धून यायची आणि रस्त्यावरचे टांगेवाले चाबूक खाली धरायचे.

अकोल्याचा वैशाख तुम्ही पाहिला नसेल तर मी काय सांगू. चार वाजता मांडवाखाली उभं राहिलं तर चपलेचा तळवा मऊ व्हायचा. भाऊंनी मशीन स्टेजच्या कडेला ठेवली, टोपड्यातून व्हॉल्व काढून बसवले, खटका दाबला.

"तापू दे हळूहळू," ते म्हणाले. "मी सासुरवाडीले जाऊन तिले आन पोराईले घेऊन येतो. समोरच्या रांगेत जागा धर तिच्यासाठी. आन कोनालेच हात लावू देऊ नको हिले. तूबी नको लावू."

ते गेले. मी जागा धरली, रुमाल टाकून. मग वस्तीतले पोट्टे जमले. त्यांनी म्हटलं, नक्कल कर. मी मशीनला जोडलेल्या माईकवर चहावाला केला. मागचे म्हणाले, आयकू नाई येत. मी मशीनचं आवाजाचं बटण थोडं फिरवलं. कंडक्टर केला. पार कुंपणाजवळून कोणी ओरडलं, आयकू नाई येत. मी बटण शेवटपर्यंत फिरवलं.

काय हशा आला. मी अर्धा तास सोडलं नाही. पंधरा वॅटच्या रस्त्यानं गेलो, शेवटचे पाच ओलांडले, आणि त्याच्याही पुढं काही असेल तर तिथं बकरी नेऊन बांधली. मग जळका वास आला. धुळीचा नाही, वेगळा. मागं जाऊन पाहिलं तर एका मोठ्या व्हॉल्वच्या पोटातला काळा पत्रा लालबुंद झालेला. पेटीची फळी हाताला सोसेना.

आता इथं तुम्ही म्हणाल, खटका बंद करायचा. तुम्ही वऱ्हाडातले नाही. आमच्याकडं माठाला ओलं फडकं. पोर तापलं, ओलं फडकं. टरबुजाला, सायकलच्या सीटला, म्हाताऱ्याच्या टाळूला, ओलं फडकं. खिडकीला वाळ्याची ओली ताटी. वैशाखात तापलेल्या कोणत्याही वस्तूवर आमचा हात आपोआप पाण्याकडं जातो, डोकं नंतर पोचतं. स्टेजजवळ पिण्याच्या पाण्याचा माठ होता. त्याचं फडकं मी ओढलं, पिळल्यासारखं केलं, आणि मशीनच्या जाळीच्या झाकणावर पसरलं. फार मायेनं पसरलं, खरं सांगतो. कोपरे सारखे केले.

टिच्.

एवढासाच आवाज. मी हजार आवाज काढलेत, तो अजून काढता आला नाही.

फडकं उचललं. एका मोठ्या व्हॉल्वच्या काचेवर केसासारखी चीर. त्याच्या टाळूला आतून चांदीसारखा चकचकीत डाग असतो. तो माझ्यासमोर धुरकट झाला, मग दुधासारखा पांढरा पडत गेला, मोतीबिंदू उतरलेल्या डोळ्यासारखा. नारिंगी रेघ एकदा भकन उजळली आणि गेली. हुंकार थांबला. मी तेव्हा खटका बंद केला. मग फडकं माठाला परत गुंडाळलं.

भाऊ आले. मागं वहिनी, नवं पांढरं लुगडं, एक पोर कडेवर, दोन बोटाला. त्या रुमाल उचलून समोर बसल्या. भाऊ मशीनजवळ वाकले.

"आपोआप टिचला, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी आत पाहिलं. बराच वेळ. मग झाकणावरून बोट फिरवलं आणि ते बोट अंगठ्यावर चोळलं. मग माठाकडं पाहिलं. फडकं तिरपं गुंडाळलेलं होतं. मग माझ्याकडं पाहिलं नाही.

"काच जुनी होती," ते म्हणाले.

मांडववाल्याची ऐंशी वॅटची मशीन आणली. दोन कर्णे बांबूवर. भाऊंनी ती धून वाजवली. कुंपणाच्या पलीकडं, जिनिंगच्या पलीकडं, रेल्वेच्या रुळांपर्यंत ऐकू गेली असेल. डब्यात खडे घालून हलवावेत तशी. कुठं जाड झाली नाही, कुठं भरून आली नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी मोठी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींच्या मागं पौर्णिमेचा चंद्र वर येत होता, आणि त्या मन लावून, मान किंचित वाकडी करून, ओळखीचं काही सापडतं का ते शोधत ऐकत होत्या. नंतर स्टेजजवळ येऊन म्हणाल्या, "चांगलं वाजवलं." भाऊ म्हणाले, "हाव."

परतीच्या गाडीत मी वाट पाहत होतो. मूर्तिजापूर गेलं, कुरूम गेलं, बडनेरा येत आलं. मला वाटलं आता बोलतील, आता एक कानाखाली देतील. टोपडं माझ्या मांडीवर होतं. जुळ्यांपैकी एकच जिवंत. भाऊंनी एकदाच तोंड उघडलं.

"जेवला का रे नीट?"

त्यानंतर मी दुकानाकडं गेलो नाही. आधी दोन दिवस, मग आठवडा, मग गल्ली बदलून चालायला लागलो. अकोल्याला नोकरी लागली, बरंच झालं. कोणी सांगितलं की भाऊंनी नवे व्हॉल्व बसवून पाहिले, जोडी जमली नाही. कोणी सांगितलं गिटार खुंटीला लावली. गेल्या हिवाळ्यात कोणी सांगितलं की भाऊ गेले. कसे, काय, ते मी विचारलं नाही, इथंही सांगत नाही. आता सगळीकडं ट्रान्झिस्टर झालेत. खटका दाबला की लगेच बोलतात. कूस बदलत नाहीत.

वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा माझ्या हातात टोपडं होतं. दोन्ही व्हॉल्व त्यातच होते. चांगला चांदीच्या टाळूचा, आणि पांढऱ्या टाळूचा. टाकला नव्हता.

"वहिनी," मी म्हणालो, "हा आपोआप नव्हता टिचला. मी ओलं फडकं टाकलं होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. पदर खोचला. आणि सात वर्षांनी मला तू म्हणाल्या.

"मले सांगून राह्यला तू? मले त्याच राती मालूम झालं. माह्या माहेरी जेवाले आले तं हात धुवाच्या आधी सांगतलं त्याईनं. म्हने, पोट्ट्यानं ओलं फडकं टाकलं, तापलं म्हनून टाकलं, जीव लावून टाकलं, तू त्याले एक शब्द बोलू नको. सात वर्स नाई बोलली मी. आता ते नाईत. आता बोलीन. खटका बंद कराचा ना बह्याडा. पानी कोनी टाकते इजेवर? हेडमास्तराची नक्कल करतं, हेडमास्तरानं एवढं नाई शिकवलं तुले? आन टिचला तं टिचला. काच होती. तू कायले टिचला? रोज सांजच्याले दुकानातून आले का विचारत, नकल्या येऊन गेला का. दोन पोळ्या जास्त टाकाले लावत. मी कुत्र्याले घातल्या त्या पोळ्या. तीन वर्स घातल्या. मंग ते विचाराचे बंद झाले."

मी टोपड्याची लोकर उसवत बसलो होतो. वहिनींनी माझ्या हातावर चापट मारली.

"सोड ते. काढ आता."

"काय?"

"तो आवाज. त्याईच्या मशीनचा. मी आयकलाच नाई कधी, तूच एक आयकलेला उरला. ते जात्यावरचं काढ."

मी हात तोंडावर धरला. बल्ब चालू होता, बुद्ध पाहत होता, फोटो पाहत होता. मी नाकातून हळू सुरू केलं. बारा वॅटपर्यंत सरळ गेलो. मग आवाज जाड केला. मग ते भरून येणं आलं, मी आणलं नाही, आपोआप आलं, आणि शेवटचा सूर विरत विरत बारीक होत गेला, आणि मला तो सोसेना, आणि तोंडातून निघून गेलं, म्याऽ.

कोणी हसलं नाही.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि मला पुन्हा धारेवर धरलं. "मेल्या, पुन्हा बकरी आनली? त्याईनं किती खेपा सांगतलं होतं तुले. आयकून राहिली होती ना मी. सात वर्सानं आयकून राहिली होती. तुले काहून भेव लागते रे सूर संपाचा? तोंड पूस. पूस आधी. पुन्हा काढ, पयल्यापासून. आन ते जिथं थांबत होते ना, तिथंच थांब."